सहा वर्षांचा मासा

मला नोकरी लागली तोपर्यंत मी आयुष्यात एकही मासा हातात धरला नव्हता. प्राणिशास्त्राची पदवी होती, पण ती सगळी बेडकांच्या जिवावर. कॉलेजात मासा एकच होता, बरणीत, पिवळ्या पाण्यात उभा. बरणीवरची चिठ्ठी गळून पडलेली, आणि तो कोणता मासा आहे यावरून दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलत नसत. एवढ्या भांडवलावर १९५८ सालचा पावसाळा सरता सरता मी यवतमाळ जिल्ह्यात सरकारचा मत्स्य सहायक झालो.

घरची पंचाईत वेगळीच होती. आमच्याकडं चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नसे. वडिलांनी नातेवाइकांत सांगून टाकलं, पोरगा पाटबंधाऱ्यात लागला. सुटीत घरी गेलो की आई मला मागच्या दारानं घ्यायची, न्हाणीत उभं करायची आणि दोन बादल्या ओतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. तरी एकदा माझ्या सदऱ्याच्या खिशातून एक खवला पडलाच. तिला तो अभ्रकाचा तुकडा वाटला. चकचकीत, गोल, सुबक म्हणून तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला. तीन दिवस तो तिथं होता, हळदीकुंकवासकट.

माझी नेमणूक दारव्ह्याच्या पुढं आठ-नऊ मैलांवरच्या एका जुन्या तलावावर होती. पाळेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक खोली, खोलीत एक टेबल, एक तराजू, एक मोजपट्टी आणि भिंतीवर पाली. साहेब यवतमाळला. साहेब म्हणजे जिल्ह्याचे आमचे वरिष्ठ. डोक्यावर सोला हॅट, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. पाण्याची त्यांना मनस्वी भीती वाटे. तलावाची तपासणी ते पाळेवरूनच करत, तीही जीपला पाठ टेकवून. पण नुकतेच ते समुद्रकाठी कुठंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि तिथून एक चक्रमुद्रित पुस्तिका घेऊन आले होते. समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांत राहणाऱ्या माशाचं वय कसं ओळखावं, तो वर्षाला किती वाढतो आणि आपोआप किती मासे मरतात हे कसं काढावं, अशी ती पुस्तिका होती.

"हेच आपण आपल्या तलावात करायचं," साहेब म्हणाले.

"पण साहेब, आपल्याकडं प्रवाळ नाही."

"मासा आहे ना? मग झालं."

पद्धत सोपी होती. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षावर्षाची वर्तुळं असतात, तशी माशाच्या खवल्यावरही असतात. मासा चांगला खातो तेव्हा रेघा लांब लांब पडतात, उपासमार झाली की दाट होतात. दाट रेघांचा पट्टा म्हणजे एक वर्तुळ, आणि पुस्तिकेच्या मते एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. वय कळलं की लांबी बघायची, म्हणजे वाढ कळते. मग जाळ्यात कोणत्या वयाचे किती आले ते बघायचं. दोन वर्षांचे पुष्कळ आणि तीन वर्षांचे थोडे आले, तर मधले गेले कुठं? त्यांतले जाळ्यानं नेलेले वजा केले की उरले ते आपोआप मेलेले. छापील तक्त्यात त्या शेवटच्या रकान्याला नाव होतं 'नैसर्गिक मृत्यू'.

खवला बघायला मायक्रोस्कोप हवा. तो छोट्या गाडीनं दारव्हा स्टेशनवर आला, लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळलेला. सगळं होतं, फक्त खालचा वाटोळा आरसा नव्हता. आरशावाचून उजेड वर चढत नाही. मी वर कळवलं, 'मायक्रोस्कोपसाठी आरसा, नग एक.' तीन महिन्यांनी आरसा आला. चौकटीचा, भिंतीवर लावायचा, वर दोन पोपट कोरलेले. मी तो खोलीच्या खिडकीत लावला आणि तिथं होतो तोवर त्यात दाढी केली.

म्हणून मी दारव्ह्याला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घडीसाजाकडं गेलो. बाजाराच्या कोपऱ्यात त्याचं खोक्याएवढं दुकान. दाढी मेंदीनं लाल, एका डोळ्याला काळं नळकांडं लावलेलं. सगळा बाजार त्याला चाचा म्हणे. मी खिशातून खवले काढून त्याच्या काचेवर ठेवले. त्यानं एक उचलला, डोळ्याच्या भिंगासमोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"मास्टरसाब, ये किस कंपनी का है?"

"माशाचा आहे चाचा. मला त्याचं वय काढायचंय."

त्यानं भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. "सरकारनं यासाठी तुम्हाला ठेवलं?"

"हो."

"माशाअल्ला," तो म्हणाला आणि पुन्हा भिंग लावलं.

त्या दिवसापासून दर बाजाराच्या दिवशी मी खवल्यांची पाकिटं घेऊन त्याच्याकडं जाऊ लागलो. त्याचा हात स्थिर, नजर तेज. त्याच्याच दुसऱ्या भिंगातून मी मोजलेलं न सांगता त्याला मोजायला द्यायचो आणि आमचे आकडे जवळपास जुळायचे. एकदा मात्र तो म्हणाला, "ये बराबर नहीं लगता. बघा, एक जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक. जोडी आहे ही. घंटा आणि आधा घंटा, दोन्ही टोल वाजतात तसं."

मी म्हणालो, "चाचा, पुस्तकात असं काही नाही."

"अच्छा," तो म्हणाला. "किताब में नहीं है तो नहीं है."

तलावावर माझं काम जिच्याशी पडे ती बाई भोयांची म्होरकी होती. नवरा वारला तेव्हापासून वस्तीतली आठ-दहा घरं तिच्या शब्दावर जाळं टाकत आणि ओढत. बांधा काटक, पातळाचा काचा मारलेला, दाढेत तंबाखू, आणि आवाज या पाळेवरून त्या पाळेवर जाणारा. मी वहीत लिहितो म्हणून ती मला मास्तर म्हणे. पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात जिवंत मासा दिला. तो निसटला, माझ्या छातीवर आपटला आणि परत पाण्यात गेला.

"अमाय! मास्तर, तुमी मासोई धरून राह्यले का तिच्या पाया पडून राह्यले?"

सगळी वस्ती हसली. मीही हसलो, पण सदरा बदलायला खोलीत गेलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं.

हळूहळू जमलं. रोहूच्या भावकीतला एक मासा त्या तलावात भरपूर होता. त्याला शास्त्रात लांबलचक लॅटिन नाव आहे आणि भोयांच्या प्रत्येक वस्तीत निराळं. आम्ही दोघं त्याला नुसता 'मासा' म्हणत असू. जाळं काठावर आलं की मी मांडी घालून बसायचो, लांबी मोजायचो, वजन करायचो, पाठीवरच्या पराच्या खालून चार-पाच खवले चिमट्यानं उपटायचो आणि कागदाच्या पाकिटात घालायचो. माशानंतर ते हात जेवणापर्यंत स्वच्छ होत नसत. लिंबू, चिंच, राख, सगळं करून पाहिलं. शेवटी मी वास येणं सोडून दिलं, म्हणजे मला. बाकीच्यांना येतच होता.

एकदा मी तिला तक्त्यातला शेवटचा रकाना समजावून सांगितला. "बाई, जाळ्यात जाणारे सोडून द्या. आपोआप किती मरत असतील?"

तिनं तंबाखू थुंकली. "आपोआप कोन मरते मास्तर? समद्यायले कोनी ना कोनी खातेच. पानकावया खाते, कासव खाते, पान्यातला विरोया साप खाते. मंग पटवारी येते, थो खाते."

"पटवाऱ्याचं राहू द्या."

"काहून? थो का नैसर्गिक नाई?"

मी तिचं उत्तर लिहून घेतलं नाही. आज वाटतं, घ्यायला हवं होतं.

सव्वा वर्ष असं गेलं. १९६०चा हिवाळा संपत आला तेव्हा मी अहवाल लिहिला. सुंदर अक्षरात, कार्बन लावून, तीन प्रती. तलावातला मोठ्यात मोठा मासा सहा वर्षांचा. वाढ अतिशय मंद. नैसर्गिक मृत्यू फारच कमी, कारण सहा सहा वर्षं मासे जगतायत. निष्कर्ष असा की, मासे लहानपणीच पकडले जातात. त्यांना वाढायला वेळ द्यावा. त्या शेवटच्या वाक्यावर मी खूश होतो. ते कुणाच्या पोटावर येणार हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. बावीस वर्षांचा होतो. तेही शाळेच्या दाखल्याप्रमाणं, म्हणजे हेडमास्तरांनी अंदाजानं घातलेल्या तारखेप्रमाणं.

साहेब अहवालावर इतके खूश झाले की स्वतः जीप घेऊन आले. पाळेवर जीपला पाठ टेकवली, भोयांना बोलावलं आणि जाहीर केलं, "शास्त्रीय पाहणीत असं आढळलंय की या तलावातला मासा सहा वर्षांनी मोठा होतो. तेव्हा दोन वर्षं जाळी बंद."

पाण्यावर पाणकावळे मात्र डुबक्या मारत होते, त्यांना बंदी नव्हती. मग बाई पुढं आली. हातात सकाळच्या ओढीतला एक मोठा मासा होता, कल्ल्यात बोट घातलेला.

"साहेब, हा किती वर्साचा?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मासा बघितला, लांबी डोळ्यानं मोजली. "सहा," मी म्हणालो.

"सहा?" ती म्हणाली. "तीन बरसाती झाल्या याले. म्या सोताच्या डोक्यावर आनला हा, घागरीत घालून. बोटाएवढा होता."

"म्हणजे काय?"

"म्हन्जे असं साहेब, तीन वर्सांमांगं उन्हायात तलावाची मोरी फुटली. समदा तलाव वाहून गेला. खडखडीत. आमी टरबुजं लावलती याच्यात. मंग बरसात लागली, पानी आलं, पन मासोई नाई. तं आमी बाया नदीवर गेलतो, डोहातली पिल्लं धरली अन् घागरी डोक्यावर घेऊन दोन दिवस चाललो. वाटेत पानी बदलत बदलत. या तलावात सहा वर्साचा मासा असन तं थो चालत आला असन."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. साहेबांचं लक्ष मात्र दुसरीकडंच गेलं होतं.

"सरकारी तलावात मासे कोणाच्या परवानगीनं सोडले?"

बाईचा चेहरा उतरला. आता मला कळलं, सव्वा वर्ष ती माझ्याजवळ हे का बोलली नव्हती. मला वाटत होतं मी विचारलं नाही म्हणून. पण मी वही घेऊन बसणारा सरकारी माणूस. माझ्याजवळ कबुली देणं म्हणजे गुन्हा लिहून देणं. जाळी बंद होताहेत म्हटल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

साहेब माझ्याकडं वळले. "तुमचं काय म्हणणं?"

इथं मी शूरपणा केला असं लिहायला मला आवडलं असतं. मी वहीची पानं उलटत राहिलो. अहवाल माझा होता, तीन प्रतींत होता आणि त्यावर साहेबांची शाबासकी होती. खेड्यातली एक बाई काहीतरी सांगते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यात चाचाचं ते जाड-बारीक मला आठवलं. जोडी. सहाच्या जागी तीन.

"साहेब," मी म्हणालो, "तपासून बघावं लागेल. एक वर्ष द्या."

साहेबांनी विचार केला. अहवाल वर गेला होता. तो परत मागवणं त्यांनाही जड होतं. शेवटी म्हणाले, "ठीक. वर्षभर तपासा. तोवर जाळी बंद. तुमच्या शास्त्रीय कामापुरतं महिन्यातून एकदा जाळं टाका. आणि यांच्या त्या घागरींचं मी बघतो." जीप गेली, धूळ उरली.

बाई माझ्याकडं आली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं हातातला मासा माझ्या टेबलावर ठेवला. "हा घ्या. याच्या कानात इचारा किती वर्साचा थे." आणि निघून गेली.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. चाळीस मासे धरले, प्रत्येकाचा पोटाखालचा डावा पर मुळापासून कापला, खवला घेतला आणि सोडून दिले. दर महिन्याला जाळं टाकायचं, पर कापलेले शोधायचे, नवा खवला घ्यायचा आणि कडेला नवं वर्तुळ कधी पडतं ते बघायचं. भोई जाळं ओढायला यायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. बाई तर पाळेच्या दुसऱ्या टोकाला बसून राहायची, माझ्याकडं पाठ करून. महिनाभरानं मीच जाऊन शेजारी बसलो.

"बाई, चूक माझी आहे."

"हाय तं."

"तुमच्या घागरीची काही चौकशी आली तर मी सांगेन, माझ्याच कामासाठी सोडले म्हणून."

"तवा तुमी नोकरीत होते काय?"

"नव्हतो."

"मंग काहून खोटं बोलता? मले खोटं बोलता येते. तुमाले नाई." पण नंतर तिनं तंबाखूचा बटवा माझ्यापुढं केला. मी खात नव्हतो, तरी चिमूटभर घेतली. तासभर भोवळ आली होती.

उन्हाळा आला. तलाव आक्रसला, पाणी गढूळ आणि कोमट झालं, मासे काठाशी येऊन तोंडं उघडू लागले. याच उन्हाळ्यात राज्य बदललं, आमचे छापील फॉर्म बदलले आणि 'नैसर्गिक मृत्यू' हा रकाना पाचव्यावरून सातव्यावर गेला. मासे होते तिथंच होते. पाऊस पडून नवं पाणी आल्यावर खवल्यांच्या कडेशी दाट रेघांचा एक पट्टा दिसू लागला, त्यापलीकडं नवीन वाढ. एक वर्तुळ. मी श्वास रोखून हिवाळ्याची वाट बघितली. पौषात थंडी कडाक्याची पडली. मासे खोल जाऊन स्वस्थ राहिले, खाईनात. माघ सरता सरता मी खवल्यांचं पाकीट घेऊन दारव्ह्याला सायकल हाणली.

चाचानं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. दुसरा खवला, तिसरा, चौथा.

"एक जाड, एक बारीक," तो म्हणाला. "जाड धूपवाला, बारीक ठंडवाला. साल के दो." मग भिंग काढून हसला. "किताब में अब लिख लो."

त्यानं चहा मागवला. मी त्याला विचारलं, हे आधी जोर लावून का नाही सांगितलंत. तो म्हणाला, लोक घड्याळ दुरुस्तीला आणतात तेव्हा सांगतात, घड्याळ बरोबर आहे, सूर्यच मागं पडतोय. अशा गिऱ्हाइकाशी तो वाद घालत नाही.

तर मासा तीनच वर्षांचा. वर्तुळं मात्र पाचच व्हायची, तीन हिवाळे आणि दोन उन्हाळे. सगळ्यात आतलं सहावं वर्तुळ कशाचं ते बरेच दिवस कळेना. माझा अंदाज असा की ते त्या घागरीतल्या दोन दिवसांचं असावं. बोटाएवढ्या पिल्लाला तो प्रवास चांगलाच बाधला असणार.

ही बातमी मी साहेबांच्या आधी बाईला सांगितली. ती काठावर फाटकं जाळं शिवत होती.

"बाई, तुमचंच खरं. सालात दोन वर्तुळं. मासा झपाट्यानं वाढतो. जाळी सुरू व्हायला हरकत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, जणू मी पाऊस पडेल म्हणून सांगितलं होतं.

"आणि दुसरी एक मोठी गंमत सापडली." मी उत्साहात होतो. "पर कापलेले मासे मरतच नाहीत. दर महिन्याला जाळ्यात बाकीचे कमी कमी होत गेले, पण पर कापलेले जवळजवळ तेवढेच. मला वाटतं पर कापल्यानं मासा सावध होतो, जास्त खोलात राहतो. मी त्यावर एक टिपण लिहिलंय. मागच्या महिन्यात साहेबांना तोंडी सांगितलं, त्यांनाही पसंत पडलं. ते म्हणाले, जिल्ह्यातल्या सगळ्याच माशांचे पर कापून बघू."

बाईनं सुई खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. मग पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हसायला लागली. हसता हसता जाळ्यावर आडवी झाली. दोन-तीन बाया धावत आल्या, त्यांना तिनं काहीतरी सांगितलं, त्याही हसायला लागल्या.

"काय झालं?"

"मास्तर," ती डोळे पुसत म्हणाली, "आमी काय वर्सभर उपाशी राह्यलो असन? रोज पहाटी जायं टाकून राह्यलो ना आमी. तुमच्या खोलीले खिडकी एकच, अन् तिच्यात आरसा."

मी वळून खोलीच्या खिडकीकडं बघितलं.

"तुमचे पर कापलेले मातर आमी सोडून देत होतो. एक बी खाल्ला नाई. म्हटलं, मास्तरची मेहनत हाय."

मी पाळेवर बसून घेतलं. वर्षभराचे आकडे, रकाने, उतरत्या रेघा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. माझ्या वहीत जे आपोआप मेले होते ते बहुतेक रश्शात मेले होते. राग यायला हवा होता. आला नाही. वर्षभर चूल पेटती ठेवायची म्हणून त्यांनी बंदी मोडली आणि माझी चाळीस जनावरं एकेक करून अंधुक उजेडात ओळखून पाण्यात परत टाकली. पोटाखालचा डावा पर आहे की नाही हे चाचपून बघायचं आणि मग मासा सोडायचा. भरल्या जाळ्यासमोर एवढं कोण करतं?

"आधी सांगायचं होतं," मी म्हणालो.

"मंग तुमाले लिहा लागलं असतं. अन् तुमाले खोटं लिहिता येत नाई."

खोटं लिहिता येत नाही, आणि खरं लिहिलं तर वस्ती अडकते. आठ दिवस मी अहवालावर बसलो. पर कापण्याचं टिपण फाडलं. वयाबद्दल लिहिलं, वाढीबद्दल लिहिलं, पुराव्यासह. घागरींबद्दल लिहिलं, 'तलावातील मत्स्यबीज स्थानिक लोकांच्या श्रमातून आले', परवानगीचा उल्लेख न करता. आणि सातव्या रकान्यात, नैसर्गिक मृत्यूसमोर, लिहिलं, 'निश्चित सांगता येत नाही.'

यवतमाळला साहेबांनी तो अहवाल उभ्यानं वाचला. पहिल्या दोन भागांना मान हलवली. पहिला अहवाल आता 'प्राथमिक' म्हणायचा आणि हा 'अंतिम', असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, त्यामुळं कुणाचीच चूक झाली नाही. बंदीचा हुकूम मागं घेतला. घागरींच्या वाक्यावर तर ते खूशच झाले. पुढच्या वर्षी तेच वाक्य लोकसहभागाचं उदाहरण म्हणून त्यांच्या भाषणात ऐकलं. सातव्या रकान्याशी मात्र बोट अडकलं.

"वर्षभर पगार घेतलात आणि सांगता येत नाही?"

"नाही साहेब."

"का?"

"तिथं आपोआप कोणी मरत नाही साहेब. सगळ्यांना कोणी ना कोणी खातं."

त्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. दोन महिन्यांत माझी बदली मारेगावकडच्या एका तलावावर झाली. शिक्षा होती की बढती, हे बदलीच्या कागदावरून कळत नव्हतं. साहेबांनाही बहुधा ठरवता आलं नसावं.

निघताना चाचानं आपलं जुनं भिंग मला दिलं. काचेला एका बाजूला चीर होती. बाईनं सुकवलेल्या झिंग्यांचा एक गठ्ठा दिला, फडक्यात बांधून. बसमध्ये त्याचा वास असा सुटला की कंडक्टरनं गठ्ठा टपावर टाकायला लावला, आणि पुढच्या थांब्यावर मलाही टपावर जाणार का विचारलं.

मारेगावच्या तलावावर पोचलो त्याच दिवशी, मायक्रोस्कोपचं खोकं उघडायच्याही आधी, मी तिथल्या भोयांना पाळेवर बसवलं. तंबाखू पुढं केली. म्हटलं, बाबांनो, मी लिहून घेणार नाही, नुसतं सांगा. हा तलाव कधी आटला होता का? यात मासे कोणी आणून टाकले? जाळी कधी कधी टाकता?

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक पिकल्या मिशांचा म्हातारा पुढं सरकला, तंबाखू घेतली आणि मला सगळं बैजवार सांगितलं, वर्षं, महिने, पाऊस-पाण्यासकट. मी समाधानानं ऐकलं. त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं, हे कळायला मला पुढचा उन्हाळा लागला.